फुलाफुलांचं पोतं

"या वयात हिला एवढी ताकद हवीय कशाला? काय हलवायचंय हिला?"

पडद्यापलीकडून सासूबाईंची कुरकुर ऐकू आली आणि शिवणाच्या मशीनच्या पायट्यावरचा माझा पाय जागच्या जागी थांबला. त्यांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. मीच शिवलेला, आतून दुहेरी अस्तर लावलेला. त्यातून उजेड आत जात नाही. आवाज मात्र सगळा बाहेर येतो.

"कपाट बिपाट सरकवायचं असेल," समोरच्या काकू म्हणाल्या.

"कपाट सरकवायला रोज जिममध्ये जावं लागतं होय? काहीतरी शिजतंय या घरात. मशीन थांबलं बघ. ऐकतेय ती."

मी घाईघाईने पायटा दाबला. सुई कापडावरून भरकटली आणि कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा पडदा वाकडा शिवला गेला.

सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. परीक्षेच्या हॉलमध्ये नुसत्या उभ्या राहिल्या तरी मुलं बाहीतल्या चिठ्ठ्या गिळून टाकायची, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी अजून सांगतात. आता हॉलच्या जागी आमचं घर होतं, आणि कॉपी करणारी मी.

मी जिमला कशाला जात होते ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. मागच्या वर्षी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पाय मात्र परत आले नाहीत. डॉक्टर माझ्या नवऱ्याला बाहेर घेऊन काय म्हणाले ते त्याने मला सांगितलं नाही. आत आला तेव्हा त्याने शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला आणि मला कळलं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी एक दिवस म्हणाली, "आता मी रोज यायची गरज नाही." तिला दारापर्यंत सोडून आलो आणि आम्ही सगळ्यांनी ती आनंदाची बातमी ठरवून टाकली.

तेव्हापासून घरातलं प्रत्येक वाक्य एकाच तुकड्याने सुरू व्हायचं. आई चालायला लागल्या की गच्चीवर जाऊ. आई चालायला लागल्या की खोलीला रंग देऊ. दाराजवळच्या चपलांच्या मांडणीत वरचा कप्पा त्यांचा, तिथे त्यांच्या सँडल पुसून ठेवलेल्या. मीच पुसायची.

त्यांना उचलायचं काम नवऱ्याचं. कामावर जाण्याआधी एकदा बाथरूममध्ये न्यायचं, संध्याकाळी आल्यावर एकदा. मधला अख्खा दिवस पलंगावर, आणि लागलं तर बेडपॅन. उशाशी घंटी ठेवली होती. मला हाक मारायची नाही, घंटी वाजवायची, हा त्यांचा नियम. ती घंटी हळूहळू वाजेनाशी झाली. मला बरं वाटलं. म्हटलं, सवय झाली त्यांना.

मग एका दुपारी पाण्याचा तांब्या बदलायला गेले आणि हातात घेतला तर तो जड लागला. सकाळी भरला होता तेवढाच भरलेला.

"आई, पाणी प्यायला नाहीत?"

"तहान नाही."

दुसऱ्या दिवशीही तहान नव्हती. तिसऱ्या दिवशी ओठांवर पापुद्रे दिसले, आणि मला उमगलं. बाई पाणी पीत नव्हती. प्यायलं तर लागणार, लागलं तर घंटी वाजवावी लागणार, आणि मग सुनेसमोर ते भांडं. आयुष्यभर ज्यांच्यासमोर कोणी मान वर केली नाही, त्यांनी मान भिंतीकडे वळवून ते भांडं घ्यायचं. त्यापेक्षा त्यांनी तहान मारायचं ठरवलं होतं.

एकदा मी म्हटलं, "मी उचलून नेते ना बाथरूमपर्यंत." उचलायला गेले, अर्धी उचलली आणि दोघी पलंगावर आडव्या. त्यांच्या डोक्याला माझं कोपर लागलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "चालायला लागले की जाईन."

त्याच आठवड्यात मी जिममध्ये नाव घातलं.

आता हे घरी कसं सांगणार? आई, मी तुम्हाला उचलायला शिकतेय, असं म्हणायचं म्हणजे तुम्ही चालणार नाही असंच म्हणायचं. मी तोंड शिवून टाकलं. ते काम मला चांगलं जमतं.

जिमच्या पहिल्या दिवशी वाटलं, हे सगळे आपल्यालाच हसतायत. भिंतभर आरसे, म्हणजे हसणारे दुप्पट. तिथे एक कोचबाई होती, माझ्या अर्ध्या वयाची, आवाज मात्र वर्गशिक्षिकेचा. तिने विचारलं, "काकू, टार्गेट काय?"

मी गडबडले. डोक्यात एकच आकडा होता, तो सांगून टाकला. सासूबाईंचं वजन.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "होईल. पण वेळ लागेल. आणि गोड बंद."

तिला वाटलं, मला स्वतःला तेवढं व्हायचंय. खुलासा करायचा म्हणजे घरातली गोष्ट उघडी पडणार, म्हणून मी मान डोलावली. परिणाम असा झाला की पुढे कितीतरी दिवस मी त्या पळत्या पट्ट्यावर चालत राहिले. घरी एक बाई चालू शकत नाही, आणि तिला उचलायचं म्हणून मी चालतेय. घामाघूम होऊन घरी यायचं, तांब्या उचलून बघायचा. जडच.

शेवटी एक दिवस पट्टा बंद करून मी कोचबाईसमोर उभी राहिले. "मला उचलायचंय."

"काय?"

"जड काहीतरी."

"कशासाठी?"

"असंच."

तिने डोळे बारीक केले. तिलाही संशय आलाच. पण तिने मला दांडी धरायला शिकवलं, नुसती, वजनं न लावता. कंबर मागे, पाठ सरळ, श्वास आत भरून पोट घट्ट. "आणि वजन अंगाजवळ ठेवायचं काकू. लांब धरलं की जड होतं. जवळ घेतलं की हलकं."

दुसऱ्या दिवशी मला मशीनवर बसता येईना. तिसऱ्या दिवशी बसले तर उठता येईना. चौथ्या दिवशी मी जिमच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. दांडी मला ओळखत नव्हती, तिची माझी काही दुश्मनी नव्हती, तरी मला तिचा राग यायचा. आज अंग दुखतंय, आज अस्तराचं काम अडलंय, आज ढग आलेत. बहाणे शोधण्यात मी चांगलीच तरबेज झाले. कोचबाईचा फोन आला, "मन लागत नाहीये का?"

"नाही लागत."

"लागू नका देऊ. तुमचं काम फक्त बूट घालायचं. घालून दारापर्यंत या. मग परत गेलात तरी चालेल."

हे मला पटलं. बूट घातले की मी दारापर्यंत जायची, आणि तिथून परत फिरायची लाज वाटायची. ज्या दिवशी बूटसुद्धा नको वाटायचे, त्या दिवशी मी सासूबाईंच्या खोलीत जाऊन तांब्या उचलून बघायची. मग निमूट बूट.

भानगड त्या बुटांनीच वाढवली. मांडणीत त्यांना जागा नव्हती. वरचा कप्पा रिकामा केला असता तर झाली असती, पण तो कप्पा रिकामा करणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. मी बूट माझ्या पलंगाखाली ठेवले. केर काढताना ते नवऱ्याला सापडले.

"हे लपवून का ठेवलेस?"

"लपवले कुठे? जागा नाही."

"जिमला जातेस ना? मग जा की उघडपणे. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" असं म्हणत त्याने बूट उलटेपालटे करून बघितले, जणू तळव्यावर कोणाचं नाव लिहिलेलं असावं. मग बराच वेळ वर्तमानपत्राआडून माझ्याकडे बघत राहिला. पन्नाशीच्या आसपासची बायको अचानक दंड कमवायला लागली तर नवऱ्याने काय समजावं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एरवी मला याचं हसू आलं असतं.

पण मलाही त्याचा संशय येत होताच. तो हल्ली बाल्कनीचं दार लावून धाकट्या भावाशी फोनवर बोलायचा. काचेतून तुकडे कानावर यायचे. "हवा येते ना खोलीत? ... रात्री कोणी असतं का बघायला? ... नाही, हिला अजून काही बोललो नाही." आत आला की विचारायचं, कोण होतं? तो म्हणायचा, "कामाचं होतं." कामाचा फोन असेल तर हा चष्मा पुसत नाही.

दीर भेटायला येऊन गेले. आईचे पाय चेपता चेपता म्हणाले, "आई, चालायला लागलीस की तुला मस्त हवापालटाला नेतो." सासूबाईंनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पाय आला नाही. नजर मात्र आधी त्यांच्याकडे, मग माझ्या दंडांकडे गेली. त्यांच्या डोक्यात गणित जुळताना मला दिसलं. मुलगा न्यायचं म्हणतोय, सून उचलायची ताकद कमावतेय.

आणि त्या गणिताला मीच हातभार लावत होते. त्यांचं वजन वाढलं की घटलं ते कळावं म्हणून एका सकाळी मी वजनकाटा बाथरूमच्या उंबऱ्याशी ठेवला. नवरा आईला दोन्ही हातांवर घेऊन आला आणि नेमका त्यावर चढला.

"हा काटा इथे कोणी ठेवला?" म्हणत तो तिथेच उभा राहून वैतागला. तेवढ्यात मी वाकून काटा वाचला. त्याचं स्वतःचं वजन मला ठाऊक होतंच.

मान वर केली तर त्याच्या खांद्यावरून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. कॉपी पकडल्यावर बघतात तसं.

जिममध्ये दांडी उचलायला मी बऱ्यापैकी शिकले होते. पण दांडी सरळ असते, लोखंडी असते, मधूनच सांडत नाही. माणूस वाकतं, निसटतं, त्याचा खालचा भाग एकीकडे जातो आणि वरचा दुसरीकडे. म्हणून मी पोतं शिवायचं ठरवलं. माणसाएवढं लांब, आत वाळूच्या छोट्या पिशव्या आणि कपड्यांच्या चिंध्या, मध्ये कंबरेशी घडी, वर खांद्यांना जरा रुंद. सोफ्याचं जाड कापड संपलं होतं. गाठोड्यात भक्कम असं एकच उरलं होतं, सासूबाईंच्या खोलीच्या पडद्याचं. निळ्यावर पांढरी फुलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उरलेलं कापड वापरायचं ही माझी जन्माची सवय. ते पोतं मी पडद्यांच्या गुंडाळ्यांमागे, ऑपरेशननंतर आणून तशीच पडून राहिलेल्या चाकांच्या खुर्चीत बसवून ठेवलं. सकाळी सगळं आवरलं की खुर्चीवरून उचलायचं, वळायचं, स्टुलावर टेकवायचं. परत उचलायचं. सुरुवातीला ते माझ्या अंगावर पडायचं. मग पडेनासं झालं. एकदा तर मी त्याला "झालं हं आई, झालं" म्हणाले आणि स्वतःच दचकले.

मी जिमला गेले असताना सासूबाईंजवळ समोरच्या काकू बसायच्या. एक दिवस त्यांना पाठीला टेकायला काहीतरी हवं झालं. गुंडाळ्यांमागे उशी असेल म्हणून त्या गेल्या.

मी परत आले तेव्हा काकू दारातच चप्पल शोधत होत्या. "मी निघते," एवढंच म्हणाल्या. पडद्याची कड गुंडाळलेली होती आणि सासूबाईंच्या पलंगासमोर ते पोतं चाकांच्या खुर्चीसकट आणून ठेवलेलं होतं. निळ्यावर पांढरी फुलं, मागे पडद्याची तीच फुलं. कंबरेत वाकलेलं, जरा डावीकडे कललेलं. सासूबाई ऑपरेशननंतर अगदी अशाच बसायच्या.

दोघी समोरासमोर बसल्या होत्या.

"ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"पोतं आहे. व्यायामाचं."

"पोत्याला खांदे असतात?"

मी त्याचा कललेला खांदा सरळ केला.

"माझ्या नावाची बाहुली करून ठेवलीस," त्या म्हणाल्या. "काय करतेस हिचं? फेकायचा सराव करतेस?"

सांगायला हवं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून, ते कोरडे ओठ बघून, मला एवढंच म्हणता आलं, "आई, तुम्ही चालायला लागलात की..."

"हं," त्या म्हणाल्या आणि मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर आमच्यातलं सगळं बोलणं घंटीने व्हायला लागलं, आणि घंटी तर वाजतच नव्हती. मी बूट घालून दारापर्यंत जायची आणि खरंच परत यायची. ज्या बाईला आपण हात लावलेला चालणार नाही तिच्यासाठी ताकद कमवून करायचं काय? पोतं मी गुंडाळ्यांमागे तोंड फिरवून उभं केलं. दोन-तीनदा कोचबाईचा फोन आला, मी उचलला नाही. मग एका सकाळी तांब्या बदलायला गेले, तो नेहमीसारखाच जड लागला, आणि मी त्याच्यावरच चिडले. चिडून बूट घातले ते थेट दांडीसमोर जाऊन थांबले. कोचबाई म्हणाली, "आज कोणावर राग आहे?" मी म्हटलं, "तहानेवर." तिने पुढे काही विचारलं नाही, नुसती वजनं वाढवली.

शनिवारी सकाळी नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. आईला परत पलंगावर ठेवताना त्याच्या तोंडून "आई गं" निघालं आणि आईला वाटलं तो तिलाच हाक मारतोय. ठेवलं त्याने नीट. मग अर्धा वाकलेलाच भिंत धरत बाहेर आला आणि चटईवर आडवा झाला. त्याने तिथूनच भावाला फोन लावला. या वेळी बाल्कनीत जाण्याची त्याची ऐपत नव्हती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "हो, ये उद्या. बोलूनच टाकू आता."

रविवारी दीर आले. पलंगाच्या कडेला बसून घसा साफ केला. नवरा दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभा, कमरेला पट्टा बांधलेला.

"आई," दीर म्हणाले, "दादाची पाठ अशी. वहिनींना काही तू झेपणार नाहीस. तर मी काय म्हणतो, थोडे दिवस हवापालट. तिथे माणसं असतात, सगळं बघतात. चालायला लागलीस की परत इकडेच की."

"हो, चालायला लागलीस की लगेच," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला जायचंय."

"कुठे? तिथे?" दिरांचा चेहरा उजळला.

"बाथरूमला."

दीर तत्परतेने उठले आणि त्यांनी आईला दोन्ही काखांत धरून वर ओढलं. "अरे मेल्या, हात उपटतोस काय!" सासूबाई ओरडल्या. दिरांनी हात सोडले.

"भावोजी, बाजूला व्हा," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला नाही जमणार. उगीच दोघी पडाल."

"व्हा बाजूला."

मी चाकांची खुर्ची पलंगाला तिरकी लावली, ब्रेक दाबला. सासूबाईंना कडेला आणून बसवलं, माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवले. "आई, हात माझ्या मानेत घाला."

त्यांनी हात घातले, पण कसे, परक्या माणसाच्या खांद्यावर ठेवावेत तसे. मी श्वास भरला, पोट घट्ट केलं, उठले. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ. त्या माझ्यापासून लांब, मागे रेललेल्या, आणि लांबचं वजन जड होतं. पोतं माझ्यावर कधी संशय घेत नव्हतं, हे मी विसरलेच होते. आम्ही जेमतेम पलंगावरून सुटलो आणि परत पलंगावर बसलो.

"बघितलंत?" दीर म्हणाले. "म्हणून म्हणतो..."

मी अजून वाकलेलीच होते, हात त्यांच्या पाठीमागे गुंफलेले. त्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं. इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या जवळ कधी आलो नव्हतो.

"त्या बाहुलीला असंच धरतेस?" त्यांनी विचारलं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो."

"तिचं वजन?"

"तुमच्याएवढं."

"तरीच तो काटा. ती पडते?"

"आधी पडायची. आता नाही."

"का नाही?"

"ती मला अगदी चिकटून असते, आई. लांब राहत नाही."

नवरा चष्मा काढून बाहीने पुसायला लागला. दीर म्हणाले, "आई, हे सगळं नंतर, तू एकदा चालायला..."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. तोच आवाज, हॉलमधला. मग त्यांनी माझ्या मानेभोवतीचे हात घट्ट केले, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि सगळा भार माझ्यावर सोडला.

"मी काही आता चालायची नाही," त्या म्हणाल्या. "उचल."